‘नंतर’ हें बटण

संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत एक लहानसा चौकोन उघडतो आणि विचारतो कीं, नवें अपडेट तयार आहे, आतां बसवावयाचें कीं नंतर? आमच्या संगणक-कक्षांत शिकलेला कोणताहि विद्यार्थी अशा वेळीं क्षणाचाहि विलंब न लावतां ‘नंतर’ या बटणावर बोट ठेवतो. हें त्यास मींच शिकविलें आहे. मीं शिकविलेल्या पुष्कळ गोष्टी मुलें परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरतात. ही मात्र एकहि मूल विसरलेलें नाहीं. नवी तुकडी कक्षांत आली म्हणजे माझी पहिली सूचना अशी असे: “तो चौकोन आला तर नंतर म्हणा, नाहींतर सर्वांचें नेट अडकेल.” सूचना खोटी नव्हती, पण ती अर्धीच होती. ‘नंतर’ म्हणजे नेमकें केव्हां, हें मीं मुलांस कधींच सांगितलें नाहीं. कारण तें मीं स्वतःहि ठरविलेलें नव्हतें.

नशिराबाद हें कांहीं आडरानांतलें गांव नव्हे. एका बाजूस जळगांव, दुसऱ्या बाजूस भुसावळासारखें मोठें जंक्शन, आणि लगत राष्ट्रीय महामार्ग. असें असूनहि शाळेच्या वेळांत आमच्या तारेचा वेग मोजावा तर तो पुष्कळदां दोन मेगाबिटांपर्यंत खालीं आलेला असतो. तरसोद ते चिखली हा महामार्गाचा टप्पा चौपदरी होत होता त्या काळांत तर खोदाईंत तार कोठें ना कोठें तुटे, आणि ती जोडली जाईपर्यंत आम्ही संगणक हा विषय फळ्यावर शिकवीत असूं. विजेचें म्हणाल तर दीपनगरचें औष्णिक वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यांत आहे. परंतु दिव्याखालीं अंधार ही म्हण कांहीं उगीच पडलेली नाहीं. तात्पर्य, ‘नंतर’ म्हणण्यास आम्हांस कारणें होतीं, आणि तीं आजहि पुरतीं गेलेलीं नाहींत.

त्याची किंमत मात्र आम्हांस एका वर्षीं वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यांत कळली. नववीच्या मुलांनीं गांवांतील चार वृद्धांच्या तोंडून जुन्या नशिराबादच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एका मुलानें चित्रें छापून आणण्यासाठीं पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानांत नेला. तेथून तो परत कक्षांत आला, आणि दुपारपासून जो पेन ड्राइव्ह ज्या यंत्रास लावावा त्यावरील सर्व फोल्डर नाहींसे होऊन त्यांच्या जागीं नुसते शॉर्टकट दिसूं लागले. हा विषाणु फाइली नष्ट करीत नाहीं, केवळ लपवितो, हें मला दोन दिवसांनीं समजलें. तोंवर घाबरून मीं दोन पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून टाकले होते, आणि त्या आठवणी नेमक्या त्यांतच होत्या. मागाहून पाहिलें तों यंत्रांवरील विषाणुरोधक आज्ञावलीची यादी चौदा महिन्यांपूर्वींची निघाली. चौदा महिने आम्ही ‘नंतर’ म्हणत होतों. मुलें पुन्हां त्या वृद्धांकडे गेलीं. तिघांनीं कांहींएक न कुरकुरतां सर्व पुन्हां सांगितलें. चौथे आजोबा मधल्या काळांत वारले होते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा जरा कसोशीनें विचार करूं लागलों, आणि माझें मत बनलें तें असें: तार संथ आहे म्हणून अपडेट बंद ठेवणें ही काटकसर नव्हे, तें कर्ज आहे. आणि संथ तारेवरहि तें फेडतां येतें, फक्त प्रत्येकानें आपापलें वेगळें फेडावयाचें नसतें.

अपडेट म्हणजे नवे रंग, नवीं चित्रें आणि जुनीं बटणें जागचीं हलविणें, असा आपल्यांतील पुष्कळांचा समज असतो. तसें तेंहि असतें, आणि त्याचा मलाहि राग येतो. परंतु अपडेटाचा मोलाचा भाग डोळ्यांस दिसत नाहीं. आज्ञावली ही माणसांनींच लिहिलेली असते. लाखों ओळींच्या त्या विणकामांत कोठें ना कोठें टांका सुटलेला राहतोच. तो सांपडला कीं तयार करणारे त्यावर ठिगळ पाठवितात. आतां यांतील मौज ही कीं, ठिगळ जाहीर झालें म्हणजे भोक कोठें होतें हेंहि त्याबरोबर जाहीर होतें. चोरटे तें ठिगळ उलगडून पाहतात आणि ज्यांनीं अजून तें लावलें नाहीं त्यांच्या शोधांत निघतात. म्हणून ठिगळ निघण्यापूर्वींचा एक महिना आणि निघाल्यानंतरचा एक महिना हे सारखे नसतात. दुसरा अधिक धोक्याचा.

प्रत्यक्ष तारखाच पाहाव्या. २३ ऑक्टोबर २००८ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका भोकावर ठिगळ काढलें. नोव्हेंबरांत त्याच भोकांतून कॉन्फिकर नांवाचा किडा शिरला आणि लाखों यंत्रांत पसरला. पुढें तो पेन ड्राइव्हवरूनहि फिरूं लागला. १४ मार्च २०१७ रोजीं दुसरें एक ठिगळ निघालें; १२ मे २०१७ रोजीं, म्हणजे दोन महिन्यांस दोनच दिवस कमी असतांना, वॉनाक्राय आला. त्यानें इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पाडले व हजारों रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या रुग्णालयांची तार आमच्यासारखी संथ असेल असें मला वाटत नाहीं; तरी ठिगळ लावलेलें नव्हतें. तेव्हां सगळाच दोष तारेच्या माथीं मारतां येत नाहीं, कांहीं भाग त्या बटणाच्या संवयीचाहि आहे.

शाळांच्या दृष्टीनें त्याहून बोलकी गोष्ट फेब्रुवारी २०११ ची आहे. तोंवर विंडोज एक्सपी असलेल्या यंत्रास पेन ड्राइव्ह लावला कीं त्यावरची आज्ञावली आपोआप सुरू होण्याची सोय होती, आणि कित्येक विषाणु याच दारानें येत. मायक्रोसॉफ्टनें त्या महिन्यांत एक अपडेट पाठवून पेन ड्राइव्हपुरती ती सोय बंद केली. ज्यांनीं तें बसविलें त्यांच्याकडे अशा विषाणूंचा उपद्रव पुष्कळ उतरला. ज्यांनीं ‘नंतर’ म्हटलें त्यांचें दार उघडेंच राहिलें. आपल्याकडील किती कक्षांत, किती झेरॉक्सच्या दुकानांत तें वर्षानुवर्षें उघडें राहिलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. गेल्या पालक-सभेंत एका गृहस्थांनीं मला विचारलें कीं, “सर, अपडेट केलें आणि फोन बिघडला, असेंहि होतेंच ना?” होतें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षक आज्ञावलीची एक लहानशी सदोष फाइल अपडेट म्हणून गेली आणि जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पडलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. त्याहून वाईट उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या दारांतलें. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाचा विषाणु सुटला तो युक्रेनमधील एका हिशेबी आज्ञावलीच्या अपडेटाच्या वाटेनेंच. चोरांनीं अपडेट पाठविणाऱ्याच्या घरांत शिरून त्याच्याच हातानें विष वाटलें. मर्स्क ही मोठी जहाजकंपनी त्यांत सांपडली, आणि तिच्या गटाकडे चालविण्यास असलेला न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा एक धक्का ठप्प झाला. युक्रेनमधील हिशेबनिसाच्या यंत्रांतून निघालेला रोग रायगड जिल्ह्यांत मालाच्या पेट्या अडवून बसला.

म्हणून ‘डोळे मिटून लगेच बसवा’ असें मी म्हणत नाहीं. चार-आठ दिवस थांबून, इतरांचें काय झालें हें पाहून बसविणें यांत शहाणपण आहे. परंतु चार-आठ दिवस थांबणें आणि चौदा महिने थांबणें यांस एकच ‘नंतर’ हा शब्द लावूं नये.

आतां तारेकडे वळूं. विद्यार्थिमित्रांनो, वही काढा. तारेचा वेग बिटांत मोजतात आणि फाइलीचें आकारमान बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. हा आठाचा फरक विसरल्यामुळें ‘दोन मेगाबिटांची तार आहे, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबाइट येतील’ असें मानून कित्येकजण फसतात. येतो तो पाव मेगाबाइट. महिन्याचें अपडेट कांहींशें मेगाबाइटांचें असतें, मोठें वार्षिक अपडेट कांहीं गिगाबाइटांचें. उदाहरणासाठीं ४ गिगाबाइट धरूं. म्हणजे ३,२०० कोटी बिट. सेकंदास २० लाख बिट या वेगानें एका यंत्रास १६,००० सेकंद, म्हणजे ४ तास २६ मिनिटें ४० सेकंद. आमचीं यंत्रें पंधरा. प्रत्येकानें स्वतंत्रपणें तीच फाइल आणावयाची म्हटली तर २,४०,००० सेकंद, म्हणजे ६६ तास ४० मिनिटें. रोजची शाळा सहा तासांची धरली तर अकरा दिवस दुसरें कांहींहि करतां येणार नाहीं.

परंतु ही पंधरा वेळां येणारी फाइल अक्षरशः एकच आहे. एका यंत्रानें ती एकदां आणली आणि बाकीच्या चौदांनीं ती खोलींतल्या खोलींत घेतली तर? कक्षांतील यंत्रें परस्परांस जोडणारी केबल १०० मेगाबिटांची आहे. तीवरून तेच ४ गिगाबाइट ३२० सेकंदांत जातात. चौदा यंत्रांस एकामागून एक दिले तरी सव्वा तास लागत नाहीं. एकूण सुमारें पावणेसहा तास. सहासष्ट तासांच्या ठिकाणीं सहाहि नाहींत. हा कागदावरील हिशेब आहे, प्रत्यक्षांत थोडें अधिक लागतें. तरी एक रात्र पुरे होते. विंडोजमध्यें डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन या नांवाची सोय याचसाठीं आहे. ती चालू असली म्हणजे यंत्र बाहेर धांवण्यापूर्वीं शेजारच्या यंत्रास ‘तुजकडे हा भाग आहे काय’ असें विचारतें. शिवाय मागल्या बाजूनें किती वेगानें आणावें यास मर्यादाहि तेथेंच घालतां येते. आमच्या कक्षांत ही सोय कित्येक वर्षें होती आणि मीं तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. पंधरा घरांनीं एकाच विहिरीवर पंधरा मोटा लावाव्या आणि मग विहीर आटली म्हणून ओरडावें, असा तो प्रकार होता.

राहिला प्रश्न वेळेचा. सुरत-जळगांव हा ताप्तीखोऱ्यांतील लोहमार्ग पुष्कळ वर्षें एकेरी होता. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठीं गाड्या थांबून राहण्याचा अनुभव खानदेशांतील कोणास नाहीं? तेथें पॅसेंजर आधीं सोडतात आणि मालगाडी बाजूस थांबते, म्हणून कोणी मालगाड्याच बंद करा असें म्हणत नाहीं. अपडेट ही मालगाडी आहे. मुलांचा धडा, पालकांचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म ह्या पॅसेंजर. मालगाडी रात्रीं सोडावी. आम्ही आतां एक जुना लॅपटॉप याच कामास ठेवला आहे. वीज गेली तरी त्याची बॅटरी टिकते, आणि राउटरलाहि एक लहान बॅटरी जोडली आहे. आणणें मध्येंच तुटलें तरी बिघडत नाहीं, राहिलें तेथून तें पुढें चालू होतें. बसविणें चालू असतांना मात्र वीज जातां कामा नये, म्हणून तें काम सकाळीं, माणूस समोर असतांना. मायक्रोसॉफ्टचीं ठिगळें ऑक्टोबर २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं निघतात, तीं आपल्याकडे रात्रीं उशिरां पोंचतात. आम्ही त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारची रात्र धरली आहे. मधले दहा-अकरा दिवस इतरांचें काय झालें तें पाहण्याचे.

इतकें झालें आमच्या कर्तव्याविषयीं. परंतु ज्यांनीं ह्या आज्ञावली तयार केल्या त्यांचें कांहींच देणें लागत नाहीं काय? एके काळीं त्यांना तें मान्य होतें. ऑगस्ट २००३ मध्यें ब्लास्टर नांवाचा किडा पसरला. त्यावरील ठिगळ १६ जुलैलाच निघालेलें होतें, पण टेलिफोनच्या तारेवरून तें आणणें कित्येकांस जमलें नव्हतें. मायक्रोसॉफ्टनें फेब्रुवारी २००४ मध्यें सर्व ठिगळें एका सीडीवर भरून मागेल त्यास फुकट पोस्टानें पाठविलीं. त्याच वर्षीं ऑगस्टांत एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक निघाला. तो सुमारें २६६ मेगाबाइटांचा. ५६ किलोबिटांच्या मोडेमवर त्यास साडेदहा तासांहून अधिक लागावयाचे, आणि टेलिफोनचें बिल वेगळेंच. त्याचीहि सीडी पोस्टानें मिळे. उबंटू या लिनक्सच्या सीड्या तर एप्रिल २०११ पर्यंत जगांत कोठेंहि फुकट पोंचत. डेबियनच्या जगांत आजहि एका भारतीय प्रोग्रामरनें लिहिलेली एक आज्ञावली आहे. तिच्या साहाय्यानें आपल्या यंत्रास काय हवें त्याची यादी पेन ड्राइव्हवर घ्यावी, जेथें तार चांगली आहे तेथून माल भरून आणावा आणि घरीं बसवावा. मालावर तयार करणाऱ्याची सही असते व ती तपासूनच तो आंत घेतला जातो, त्यामुळें वाटेंत भेसळ होण्याचें भय राहत नाहीं.

सीडीचें पोस्ट बंद झालें, कारण सर्वांपर्यंत जाड तार पोंचली असें धरून चालले. आपल्या सरकारनें २००४ मध्यें २५६ किलोबिटांस ब्रॉडबँड म्हटलें, २०१३ मध्यें ५१२ किलोबिटांस, आणि २०२३ मध्यें २ मेगाबिटांस. व्याख्या वीस वर्षांत जवळजवळ आठपट झाली. अपडेटें मात्र त्याच काळांत मेगाबाइटांतून गिगाबाइटांत गेलीं. वाढत्या मुलास दर वर्षीं नवा सदरा शिवावा आणि दर वर्षीं तो तोकडाच व्हावा, तशी आमची स्थिति आहे. ज्याच्या हातीं आज्ञावली आहे त्यानें अपडेट लहान करावें, फक्त बदललेला तेवढाच भाग पाठवावा, संरक्षणाचें ठिगळ आणि शोभेचा माल यांची गाठ मारूं नये. ही मागणी करण्याचा संथ तारेवरील माणसास पूर्ण हक्क आहे, आणि ती आपण फार हळू आवाजांत करतों.

सरकारच्या बाजूनें तार येत आहे, नाहीं असें नाहीं. २०११ मध्यें मंजूर झालेल्या व पुढें भारतनेट हें नांव मिळालेल्या योजनेंत अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याचें ठरलें. ऑगस्ट २०२३ मध्यें तिला सुधारित रूपांत सुमारें १ लाख ३९ हजार कोटींची मंजुरी मिळाली. पण पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेली तार आणि मुलाच्या बाकावर आलेली तार यांत अंतर असतें. माझें म्हणणें असें कीं, जेथें ती तार आली आहे तेथें, पंचायतींत वा वाचनालयांत वा शाळेंत, एक यंत्र केवळ याच कामास ठेवावें. पूर्वीं टपाल उतरवून घेण्यास गांवांत एक जागा असे. अपडेटांस तशी जागा हवी.

पालकांच्या हातांतील फोनविषयीं थोडेंसेंच लिहितों. फोनचें अपडेट मोबाइलच्या डेट्यावर न घेतां वाय-फायवर घ्यावें, हें बहुतेकांस ठाऊक असतें. पण घरीं वाय-फाय नसलें म्हणजे तें कधींच घेतलें जात नाहीं, आणि त्याच फोनवर यूपीआयचे व्यवहार चालतात. दुसरें असें कीं, खरें अपडेट व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवीत नसतें. बँकेच्या नांवानें, दंडाच्या चलनाच्या नांवानें, लग्नपत्रिकेच्या नांवानें एपीके फाइल येते आणि ती बसविली कीं खातें रिकामें होतें. पोलिसांनीं याविषयीं वारंवार सूचना दिल्या आहेत. जो खऱ्या अपडेटास वर्षभर ‘नंतर’ म्हणतो तोच ह्या खोट्यास तत्काळ ‘होय’ म्हणतो, हें मीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे.

आमच्या कक्षापुढें सध्यां एक निराळीच अडचण आहे. विंडोज १० चीं नेहमींचीं फुकट ठिगळें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झालीं, आणि पंधरांपैकीं नऊ यंत्रें जुनीं असल्यामुळें त्यांवर विंडोज ११ चढत नाहीं. येथें तार कितीहि जाड असती तरी उपयोग नव्हता. कांहीं काळ वाढीव ठिगळें घेण्याची सोय आहे, पण तीहि सरणारीच. माझें मत असें कीं, या नऊ यंत्रांवर लिनक्स बसवावें. केरळांतील सरकारी शाळा कित्येक वर्षें त्यावर चालत आहेत व तेथील मुलें कोठें मागें पडलीं असें ऐकिवांत नाहीं. उरलेलीं सहा यंत्रें विंडोजवर ठेवावीं, म्हणजे परीक्षांच्या व अर्जांच्या कामास अडचण येणार नाहीं. लिनक्सची फाइल जळगांवच्या एका स्नेह्यांकडून एकदांच आणावयाची आहे.

ज्या पालकांचे लॅपटॉप वर्षभर अपडेटावांचून पडले आहेत त्यांनीं वर सांगितलेल्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशीं, रविवारीं दुपारीं तीननंतर, ते कक्षांत आणावे. बहुतेक माल आदल्या रात्रीं आलेला असेल. चार्जर बरोबर आणावा. पेन ड्राइव्ह मात्र घरींच ठेवावा.